मे महिन्यातला स्कार्फ

मे महिना, मालवण, दुपारचे साडेतीन. लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एक पंखा कसाबसा फिरतोय आणि समोर सतरा वर्षांची मुलगी डोक्याला घट्ट स्कार्फ बांधून बसलीये. कपाळावरून घाम निथळतोय पण स्कार्फ सोडायला तयार नाही. सोबत आई आणि आजी. मी काउन्सेलर, कुडाळला बसते, आठवड्यातून एक दिवस मालवणला येते, आणि असा स्कार्फ बघितला की मी आधी मनात चारपाच शक्यता धरते, पण काही विचारायच्या आत आजीच म्हणाली, "मॅडम, चेडवाचे केस पिकले. ह्या वयात! आता कॉलेजात जाणा नाय, खोलयेतसून भायर येना नाय. काय ता तुमीच बघा."

केसांची केस म्हणून नंतर मी आणि त्या मुलीने यावर खूप हसून घेतलं, पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं. हे लिहायला तिने आणि तिच्या घरच्यांनी हो म्हटलंय, ओळख पटेल असं सगळं मी बदललंय. लिहायचं कारण एवढंच की कमी वयात केस पांढरे होण्याबद्दल माझ्याकडे सतत कोणी ना कोणी विचारतं, टेन्शनने झाले का, खाण्यातलं काय चुकलं, परत काळे होतील का, लग्नाचं काय, आणि बहुतेक वेळा विचारणारी आई असते, ज्याचे केस ते पोर गप्प बसलेलं असतं.

तर पहिल्या दिवशी पहिला अर्धा तास आई आणि आजीच बोलल्या. आजीच्या मते बोअरचं पाणी, आधी विहिरीचं पाणी होतं तेव्हा कोणाचे केस असे नव्हते झाले, आणि वर समुद्राचा खारा वारा, घर किनाऱ्याला लागूनच आहे. आईच्या मते मोबाईल, रात्रीची जागरणं आणि ते पाऊचमधले शाम्पू. मध्येच आईचा आवाज बदलला आणि म्हणाली, की दहावीच्या वर्षी मी हिला अभ्यासावरून खूप ओरडायचे हो, त्याने तर नसेल झालं? मी विचारलं, घरात अजून कोणाचे लवकर पिकले होते का, वडील, काका, आजोबा? दोघी एकदम म्हणाल्या, नाय नाय, आमच्याकडे कोणाचे नाय. मी वहीत 'नाही' लिहिलं आणि पुढे गेले. ती माझी चूक, त्यावर नंतर येते.

दुसरी चूक लगेचच केली. दोघींना बाहेर पडवीत बसवलं आणि मुलीला म्हटलं, अगं पांढरे केस म्हणजे काही आजार नाही, हल्ली तर लोक मुद्दाम तसा कलर करतात वगैरे. म्हणजे जे कोणीही मावशी सांगेल तेच. ती माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "तुम्ही करता?" माझे केस डाय केलेले आहेत. मी गप्प झाले. मग म्हटलं, बरं, मी काही बोलत नाही, तू सांग. दहाएक मिनिटं कोणीच काही बोललं नाही, आणि मग तिने स्वतःच स्कार्फ सोडला.

पांढरे केस होते, हो, पण शोधावे लागतील इतके. दिसला तो डाव्या कानाच्या वरचा रुपयाएवढा मोकळा चट्टा, आणि भांगाच्या जवळ अजून एक, त्यात खुंट उगवलेले. चाई नव्हती ती, चाई गुळगुळीत असते. इथे केस उपटले होते.

रोज रात्री सगळे झोपले की ही आरशासमोर बसायची, मोबाईलचा टॉर्च तोंडात धरून, भुवया करायचा चिमटा घेऊन. अकरा ते एक, कधी दीड. एक पांढरा काढायला जायची, त्याच्यासोबत दोन काळे यायचे, मग वाईट वाटायचं, मग अजून शोधायची. उपटलेले पांढरे केस टाकायची नाही, गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवायची आणि वहीत आकडा लिहायची. एका दिवशी ४३. ती डबी तिने पुढच्या वेळी मला आणून दाखवली, मी इतकी वर्षं हे काम करतेय पण ती डबी बघून मला काय बोलावं सुचेना.

मी तिला सरळ विचारलं, झोप किती, जेवतेस का, जिवाचं काही बरंवाईट करावंसं वाटतं का. हे प्रश्न विचारायला लाजायचं नसतं. तसलं काही नव्हतं. तिला फक्त सगळे पांढरे संपवायचे होते, जून उजाडायच्या आत, कारण बारावीचं कॉलेज सुरू होणार.

"आजी म्हणते एक उपटल्यार चार येतत. म्हणून मी एकही सोडत नाही, लहान असतानाच काढते."

ही समजूत किती जुनी आहे कोणास ठाऊक, पण मी एवढ्या जणांकडून ऐकलीये की आता माझ्याकडे त्याचं चित्र तयारच आहे. कागदावर एक माती काढते, मातीत एक कांदा, आणि कांद्याची वर आलेली पात. कांदा म्हणजे केसाचं मूळ. एका मुळातून एका वेळी एक केस. शेजारच्या मुळाला या मुळाची खबरसुद्धा नसते, त्यामुळे एक उपटून चार येणं शक्यच नाही. येतो तो तोच एक, तिथेच, आणि तोही बहुतेक पांढराच, कारण रंग जिथे भरायचा ते खातं खाली बंद झालेलं असतं, वरचं पान तोडून काय होणार. उलट तेच तेच मूळ ओढत राहिलं तर एक दिवस तिथे काहीच उगवत नाही.

मग काळा म्हणजे काय तेही सांगितलं, कारण हे कोणी पोरांना सांगतच नाही. केसाच्या मुळाशी काही पेशी असतात, मेलॅनोसाइट म्हणतात त्यांना, त्या रंगाचे बारीक दाणे तयार करून वाढणाऱ्या केसात भरत राहतात. रंग दोनच जातीचे, एक युमेलॅनिन, काळा-तपकिरी, दुसरा फिओमेलॅनिन, तांबूस-पिवळा. जगातल्या सगळ्या माणसांचे सगळे रंग या दोनांच्या कमीजास्त मिश्रणातून होतात. आपल्याकडे युमेलॅनिन ठासून भरलेलं म्हणून काळेभोर, आणि जगात सर्वात जास्त लोकांचे केस काळेच आहेत. पांढरा हा मुळात रंगच नाही, रिकामा केस आहे तो. भरणाऱ्या पेशी दमल्या, संपल्या, की केस रिकामा वर येतो. आणि एकदा बाहेर आलेला केस मेलेला असतो, तो रात्रीत काळ्याचा पांढरा होत नाही, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर या हिशोबाने मुळापासून पांढरा वर येतो.

एक गोष्ट तिला पटली ती ही, की सोनेरी केसांच्या माणसाचे शंभर केस पांढरे झाले तरी कोणाला दिसत नाहीत आणि आपल्या काळ्यात एक असला तरी चमकतो. ती म्हणाली, "म्हणजे प्रॉब्लेम काळ्याचा आहे." मी म्हटलं, तसं म्हण हवं तर.

आपली भाषा पण बघा ना. मराठीत केस पांढरे होत नाहीत, पिकतात, आंब्यासारखे. मोठ्या माणसाने 'माझे केस काय उन्हात पांढरे झालेले नाहीत' म्हटलं की त्यात ऐट असते. पण सतराव्या वर्षी पिकले की तोच शब्द कारबाईड घालून पिकवलेल्या आंब्यासारखा ऐकू येतो, काहीतरी चुकीचं केल्यासारखा. तिला तसंच वाटत होतं, तिने काहीतरी केलंय.

काय केलंय ते तिसऱ्या वेळी कळलं. मी सहज विचारलं जेवणात काय असतं, तर म्हणाली भात, डाळ, सोलकढी, भाजी. मी म्हटलं, आणि मासे? बाई, तुमच्या दारात होड्या लागतात. तर म्हणाली तीन वर्षं मासे सोडलेत. चौदाव्या वर्षी पहिला पांढरा केस सापडला तेव्हा वर्गातली एक मैत्रीण म्हणाली होती की मासे खाऊन वर दूध प्यायलं की अंगावर पांढरे डाग येतात, केस पण पांढरे होतात. त्या दिवशी हिने बांगड्याचं तिखलं खाल्लं होतं आणि रात्री दूध प्यायली होती. झालं. मासे बंद, मग धोका नको म्हणून दूध बंद, अंडं तिला आधीपासून आवडत नाही. घरच्यांना सांगितलं वास नको वाटतो. आजीने दोन दिवस आरडाओरडा केला, मग सोडून दिलं.

मासे आणि दुधाने ना कोड येतं ना केस पांढरे होतात. पण मासे, दूध, अंडी तिन्ही सोडली तर बी-१२ कुठून येणार? ते भाजीपाल्यातून मिळत नाही. आणि बी-१२ कमी पडणं हे लवकर केस पिकण्याच्या माहीत असलेल्या कारणांपैकी एक आहे. थायरॉइडचंही तसंच. म्हणजे केस पांढरे होऊ नयेत म्हणून पोरीने नेमकं तेच सोडलं जे सोडायला नको होतं.

मी डॉक्टर नाही, काउन्सेलर आहे, हे मी प्रत्येकाला दोनदा सांगते. भारतीय माणसाचे केस पंचविशीच्या आत पिकायला लागले तर डॉक्टर त्याला अकाली म्हणतात, आणि अकाली असेल तर एकदा रक्त तपासून घ्यायला काय हरकत आहे, हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड. स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बी-१२ चांगलंच कमी निघालं, इंजेक्शनं सुरू झाली, बाकी ठीक. आई तर रिपोर्ट घेऊन धावतच आली, सापडलं मॅडम, आता काळे होणार! मला तिथे तिचा आनंद मोडावा लागला. बी-१२ भरून निघालं की थकवा जाईल, मुंग्या जातील, त्यासाठी ते घ्यायचंच. केसांचं मात्र सांगता येत नाही, काहींचे काही केस परत रंग धरतात, बऱ्याच जणांचे नाही, कारण जास्त करून हे आईबापाकडूनच आलेलं असतं. हे म्हणताना मी आईकडे बघत होते आणि तिने मान खाली घातली. तेव्हाही मी विचारलं नाही.

आता ती टेन्शनची गोष्ट, कारण आईचा तो प्रश्न तसाच लोंबकळत होता. टेन्शनने केस पांढरे होतात ही निव्वळ थाप नाही. २०२० मध्ये हार्वर्डच्या लोकांनी उंदरांवर दाखवलं की ताण आला की मुळाशी गेलेल्या मज्जातंतूंमधून जे रसायन सुटतं त्याने रंगाच्या पेशींचा राखीव साठाच उधळून संपतो. पण तो उंदीर. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्यांनी माणसांचे एकेक केस घेऊन त्याच्या लांबीवर रंग कुठे बदलला आणि त्या आठवड्यांत माणसाच्या आयुष्यात काय चाललं होतं ते जुळवून बघितलं. माणसं फक्त १४. त्यातला एक जण सुट्टीवर गेला होता तेव्हा त्याचे पाच केस परत काळे झालेले सापडले. पाच! डोकं नाही, पाच केस. मी आईला हेच सांगितलं, की तुम्ही दहावीच्या मुलीला ओरडलात, कोकणात कोण आई ओरडत नाही, सगळ्यांची पोरं पांढऱ्या केसांची झाली असती तर शाळेच्या ग्रुप फोटोत म्हाताऱ्यांचं संमेलन दिसलं असतं. ती हसली आणि मग बराच वेळ रडली. इतके दिवस ते मनात धरून होती बाई.

खाऱ्या वाऱ्याचं पण उत्तर द्यायला हवं होतं कारण आजी ऐकायला तयार नव्हती, तिचा पुरावा म्हणजे शेजारचा नातू, दिवसभर पाण्यात, त्याचे केस तांबूस झालेत. ते खरंय. ऊन आणि खारं पाणी केसातला तयार रंग वरून फिका करतं, किनाऱ्यावरच्या कितीतरी पोरांची टोकं तांबडी दिसतात. पण ते बाहेर आलेल्या केसाचं, मुळाचं नाही, कापला की खालून काळाच. आणि एक गंमत सांगितली. पॅसिफिक समुद्रात सॉलोमन नावाची बेटं आहेत, तिथली माणसं आपल्यापेक्षाही काळीसावळी, आणि त्यातल्या पाच ते दहा टक्के लोकांचे केस चक्क सोनेरी. तिथले लोक पण म्हणायचे ऊन, खारं पाणी, आणि आम्ही मासे खूप खातो ना म्हणून. २०१२ मध्ये शोधून काढलं तर एका जनुकातला एक छोटा बदल निघाला, टीवायआरपी-१ म्हणतात त्याला, तिथलाच, युरोपातून आलेला नाही. आजीने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मगे ते पण मासेच खातत मा?" मी हात टेकले.

(आजीला तेलाचं पण सांगायचं होतं. म्हणाली, माका ठेचून खोबरेलात कढवून लावतंय हिका. मी म्हटलं, माका? तर म्हणाली, तुका नाय गो, हिका. माका ही वनस्पती आणि मालवणी 'माका' म्हणजे 'मला', पाच मिनिटं आमचा असा तमाशा चालला होता आणि त्यात पोरगी पहिल्यांदा खळखळून हसली. तेल लावायला काही हरकत नाही, आजीचा हात डोक्यावर फिरतो हेच चांगलं, फक्त त्याने रंग परत येईल म्हणून वाट बघायची नाही.)

त्या स्कार्फमागे अजून एक भीती होती. फेब्रुवारीत काकीने 'काळी मेंदी'चं पाकीट आणून लावलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळ सुजलं, दुपारी डोळे मिटले, तोंड भोपळ्यासारखं, इंजेक्शन घ्यायला लागलं. मेंदी म्हटलं की आपल्याला वाटतं झाडपाल्याचं, त्रास कसला. पण मेंदीच्या पानाचा रंग केशरी-तांबडाच चढतो, काळा कधीच नाही. काळा येतोय म्हणजे आत बहुतेक पीपीडी नावाचं रसायन आहे, बाजारातल्या बऱ्याच काळ्या डायमध्ये असतं तेच. युरोपात डोक्यावर लावायच्या मिश्रणात ते दोन टक्क्यांच्या वर चालत नाही. एकदा अंगाने त्याची खूणगाठ बांधली की पुढच्या वेळी अजून जोरात उठतं, त्यामुळे हिने आता ते आयुष्यात लावायचं नाही, डॉक्टरांनी लिहूनच दिलं. ज्यांना लावायचंय त्यांनी कानामागे थेंबभर लावून ४८ तास थांबायचं. पाकिटावर ते छापलेलं असतं, वाचत कोणी नाही, मी पण आधी वाचत नव्हते.

म्हणजे पोरीची कोंडी बघा, लपवायचा रस्ता बंद, म्हणून उपटायचा रस्ता.

उपटण्याचं काम हळू चाललं. नुसतं 'उपटू नको' म्हणून ते थांबत नाही, आईने चिमटा लपवला तर नखांनी काढायची. आम्ही आधी फक्त बघायचं ठरवलं, कधी हात जातो, त्याच्या आधी काय झालेलं असतं. निघालं असं की अभ्यासाचं पुस्तक मिटलं आणि घर शांत झालं की हात जातो. मग बारीक बारीक बदल, आरसा पडवीत, जिथून सगळे येतात जातात, मोबाईल रात्री आजीच्या उशाशी, चिमटा काकीच्या घरी. आणि हाताला दुसरं काम. मी आधी स्माइली बॉल दिला होता दाबायला, तो तिने दोन दिवसांत भावाला देऊन टाकला. मग तिनेच शोधलं. आजी अजून जाळी शिवते, फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन सुईने एकेक डोळा सांधत बसते रात्रीची. ही तिच्याशेजारी बसायला लागली. दोन्ही हात गुंततात, नजर गुंतते, आणि बारीक काहीतरी शोधायचं जे समाधान तिला हवं असायचं ते पण मिळतं, फाटकी जागा शोधायची आणि नीट करायची. कुठल्या पुस्तकात वाचून मला हे सुचलं नसतं.

मध्ये दोनदा घसरली. एकदा कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या रात्री, २६. मी म्हटलं, ४३ चे २६ झाले. म्हणाली, मॅडम तुम्ही गणित असं कसं करता.

कॉलेजला गेली, स्कार्फ बांधून. मी काढ म्हटलं नाही. जुलैत तिने मला मोबाईलवर एक बातमी दाखवली, जपानमधली. ओसाकात एका मुलीला शाळेने केस काळे कर म्हणून सारखं डाय करायला लावलं, ती म्हणायची माझे जन्मापासूनच तपकिरी आहेत, शेवटी तिने २०१७ मध्ये कोर्टात केस टाकली. २०२१ च्या फेब्रुवारीत निकाल लागला, कोर्टाने नियम बेकायदा नाही म्हटला, पण तिचं नाव पटावरून आणि बाक वर्गातून काढून टाकला होता त्यासाठी ३ लाख ३० हजार येन द्यायला लावले. मी म्हटलं, यातलं तुला काय आवडलं? तर म्हणाली, "मला वाटायचं शाळा सोडून पळाले ती मी एकटीच." मग थोड्या वेळाने, "आणि तिचा बाक काढला. माझा तर कोणी काढला नाही, मीच जात नव्हते." मी काहीच बोलले नाही. कधी कधी न बोलण्याचीच फी असते.

आणि मग गणपती आले.

वडील मुंबईला ड्रायव्हर, वर्षातून दोनदा येतात, शिमग्याला आणि चतुर्थीला. त्या वर्षी सुट्टीच मिळत नव्हती, शेवटच्या रात्रीच्या गाडीला कसेबसे चढले आणि थेट आरतीला उभे राहिले. ही मागे टाळ घेऊन उभी. बाबा नमस्काराला वाकले आणि हिला त्यांचा भांग दिसला, बोटाच्या पेराएवढी पांढरीशुभ्र मुळं, त्याच्यावर काळे केस.

पुढच्या वेळी आली ती रागाने फणफणत, बसायच्या आधीच, "मॅडम, बाबांचे सगळे पांढरे आहेत! सगळे! विसाव्या वर्षापासून! आईला माहितीये, आजीला तर माहितीच होतं!" मला वाटलं होतं, खरं सांगते, की असं काही कधी निघालं तर तिला हायसं वाटेल. हायसं नाही, संताप. आणि बरोबरच होता तो. तीन वर्षं मासे सोडले, दूध सोडलं, रात्री जागून डोकं सोलून काढलं, माझं काय चुकलं, माझं काय चुकलं करत, आणि घरातली तीन मोठी माणसं उत्तर माहीत असून बोअरचं पाणी आणि शाम्पू सांगत होती.

त्याच आठवड्यात चौघांना बोलावलं. वडील साधे गृहस्थ, टोपी घालून आले. सांगायला लागले तेव्हा आधी माझ्याकडे बघून, मग हळूहळू मुलीकडे. विसाव्या वर्षी मुंबईला गेलो, तिथे पोरं 'काका' म्हणायला लागली, तेव्हापासून लावतोय. हिला बघायला गेलो तेव्हाही लावूनच गेलो होतो, चौथ्या महिन्यात हिला कळलं. आई म्हणाली, कळलं तेव्हा मी दोन दिवस बोलले नव्हते ह्यांच्याशी, मग वाटलं आपणच गप्प राहावं, माहेरी कळलं तर हसतील. आजीला मी विचारलं, मग तुम्ही पहिल्या दिवशी नाय कित्याक म्हणालात? आजी शांतपणे म्हणाली, "झिलाचे मुंबैच्या पाण्यान गेले. ह्येचे बोअरच्या." तिच्या लेखी ती खोटं बोललीच नव्हती!

मुलगी वडिलांना म्हणाली, "तुम्ही फोनवर एकदा सांगितलं असतंत ना." तेवढंच. वडिलांनी टोपी काढली. टोपीखाली अजून ते तसंच होतं, अर्धं पांढरं अर्धं काळं, सुट्टीत डाय लावायला वेळ मिळाला नव्हता.

त्यामुळे तुमच्यापैकी जे आईबाप मला विचारतात की आमच्या मुलाचे केस पिकायला लागले तर काय करू, त्यांना मी आता सगळ्यात आधी हेच विचारते, तुमचे कधी पिकले? आणि हे त्याला माहितीये का? तपासण्या, गोळ्या, तेल नंतर बघू. मी स्वतः सदतिसाव्या वर्षापासून डाय करते आणि माझ्या मुलाला हे त्या गणपतीनंतर सांगितलं. त्याला आधीच माहीत होतं म्हणे, बाथरूमच्या टाइल्सवरून.

वडिलांनी डाय बंद केला का? नाही. म्हणाले गाडी चालवायचं काम, मालक तरणा ड्रायव्हर बघतात, आणि तो त्यांचा प्रश्न आहे, मी त्यांना काही सांगायला गेले नाही. ही मात्र परत मासे खायला लागली, पहिल्या दिवशी तारली, आजीने अर्ध्या वाडीला बोलावून सांगितलं. कानावरचा चट्टा दिवाळीपर्यंत भरून आला, बोटभर केस, त्यात चारपाच पांढरे आहेत, तिला माहीत आहेत कुठे आहेत ते. स्कार्फ आता डोक्यावर कमी आणि गळ्यात जास्त असतो, ऊन असलं की डोक्यावर.

परवा तिने मला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. एका माणसाचा कान, कानामागे काळा ठिपका, आणि खाली तिचा मेसेज, "बाबांना टेस्ट करायला लावली. ४८ तास झाल्याशिवाय लावायचं नाही म्हटलंय. २० तास झाले, दर तासाला विचारतायत."